चिखलांतील चार चाकें

नसरापुराहून मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. तो डांबरी रस्ता सोडून एखाद्या वाडीकडे वळलें, कीं आषाढांत वाटेची काय दशा होते, हेंही ठाऊक आहे. दोहों बाजूंस भातखाचरांत चिखलणी चाललेली असते, आणि वाटेवरील मातीही तिच्यांत भागीदार झालेली असते. अशा वेळीं वाडीवरील आजाऱ्यास खालीं आणावयाचें असलें म्हणजे ‘फोर बाय फोर’ गाडीची आठवण होते. परंतु तिच्याविषयीं पुष्कळांची अशी समजूत आढळते कीं, एकदां तो दांडा ओढला म्हणजे गाडी वाटेल तेथें जाईल. ही समजूत कितपत खरी, हें आपण थोडें गणित करून पाहूं.

बैलगाडीचें चाक नुसतें फिरतें. जमीन धरण्याचें काम बैलांचे खूर करितात. मोटारीच्या चाकास मात्र दोन्ही कामें करावीं लागतात. त्याची ही धर दोन गोष्टींवर अवलंबून असते: चाकावरील भार, आणि टायर व जमीन यांमधील घर्षण. समजा, माणसांसह गाडीचें वजन 1600 किलो असून तें चारही चाकांवर सारखें वांटलें आहे, आणि चिखल असा निसरडा आहे कीं, भाराच्या पांचव्या हिश्श्याइतकीच धर मिळते. मागचीं दोनच चाकें इंजिनास जोडलेलीं असतील, तर त्यांवर भार 800 किलो. म्हणून गाडी ढकलणारा जोर फार तर 160 किलोंचा. चारही चाकें जोडलीं, तर 320. आतां आठास एक अशा चढावर गाडी नेण्यास 1600 चा आठवा भाग, म्हणजे 200 किलोंचा जोर पाहिजे. पहिली गाडी तेथें हटेल, दुसरी चढेल. पण चढ चारास एक झाला, तर 400 किलो लागतात, आणि मग दुसरीचाही उपाय चालत नाहीं. विद्यार्थ्यांनीं पाहावें कीं, या सबंध हिशेबांत इंजिनाच्या शक्तीचा आंकडा कोठेंही आलेला नाहीं.

मग खालचे गिअर कशासाठीं? 1941 पासून अमेरिकन सैन्यासाठीं तयार होऊं लागलेल्या विलिस जीपमध्यें गिअरबॉक्सच्या मागें ट्रान्सफर केस नांवाची दुसरी पेटी होती. तिच्या खालच्या जोडींत चाकांचा वेग सुमारें निम्मा होऊन जोर जवळजवळ दुप्पट होई. पुढें महिंद्र कंपनीनें याच जीपची जुळणी मुंबईंत केली. आजच्या थार व जिम्नी या गाड्यांतही तत्त्व तेंच आहे. ‘टू एच’ म्हणजे मागचीं दोन चाकें, ‘फोर एच’ म्हणजे नेहमींच्या वेगानें चारही चाकें, आणि ‘फोर एल’ म्हणजे चारही चाकें, पण हळूं व जोरानें. सपाट चिखलास ‘फोर एच’ पुरे; तें चिखलांत शिरण्यापूर्वींच घालावें. ‘फोर एल’ घालतांना गाडी थांबवावी. आणि त्यांतही निसरड्या चढावर पहिल्यापेक्षां दुसरा गिअर बरा, कारण पहिल्यांत जोर धरीपेक्षां अधिक होऊन चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात, व गाडी आपली खांच आपणच खणते. अशा वेळीं ॲक्सिलरेटर अधिक दाबणें हा अगदींच उलटा उपाय होय. थांबावें, उतरावें, चाकांपुढील चिखल काढून दगड व फांद्या घालाव्या.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हीं चार चाकें जोडूं नयेत. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचें अंतर काटतात. चिखलांत तीं थोडीं घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर तें होत नाहीं, व सारा ताण यंत्रावर पडतो.

उतारावर ‘फोर एल’ चा उपयोग, आमच्या मतें, चढापेक्षांही मोठा आहे. पहिला गिअर घालून क्लचला पाय न लावतां गाडी उतरूं दिली, तर इंजिनच तिला धरून ठेवतें. जोरानें ब्रेक दाबल्यास चाकें अडकून गाडी घसरूं शकते. ब्रेक तर साध्या गाडीचेही चारही चाकांस असतात. म्हणून चार चाकें इंजिनास जोडल्यानें निसरड्या रस्त्यावर गाडी लवकर थांबेल, ही आशा व्यर्थ आहे.

आतां शेवटचा हिशेब पालकांसाठीं, फरशी पुलाचा. गाडीचा तळ चार मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे सहा चौरस मीटर धरूं. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलें, कीं तें आंत शिरेपर्यंत गाडीस 600 किलो उचलून धरतें. 1600 किलोंची गाडी चाकांस 1000 किलोंची वाटूं लागते, आणि धरही त्याच प्रमाणांत घटते. वीस सेंटिमीटरांवर चारही चाकांवर मिळून 400 किलोच उरतात. आणि त्याच वेळीं प्रवाह तिला आडवा ढकलीत असतो.