'पाली' : शब्द एक, कुळे अनेक



खोपोलीहून पालीला एस. टी. जाते. त्रिपिटकाची भाषाही पाली. मग ती भाषा या गावची काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

'पालि' म्हणजे ओळ, कड. इ. स. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथा लिहिल्या, त्यांत 'पालि' म्हणजे त्रिपिटकाचा मूळ पाठ. भाषेला परंपरेने मागधी म्हटले जाई. पाठाचे नाव पुढे भाषेला मिळाले. या शब्दाचे सख्खे नातेवाईक आपल्या घरातच आहेत : कानाची पाळी, आणि रांगेत येते ती आपली पाळी.

भिंतीवरच्या पाली मात्र वेगळ्या कुळातल्या. तामिळमध्ये पालीला 'पल्लि' म्हणतात, कन्नडमध्ये 'हल्लि'. हा शब्द द्राविडी भाषांतून आला, असे अभ्यासक मानतात.

तिसरे कूळ 'पळ्ळि'चे. तामिळमध्ये त्याचा अर्थ निजण्याची जागा, जैन-बौद्ध श्रमणांचा निवास आणि आज शाळा. मल्याळममध्ये चर्च व मशीद यांनाही 'पळ्ळि' म्हणतात. कन्नड 'हळ्ळि' म्हणजे खेडे. संस्कृतात 'पल्ली' म्हणजे वस्ती, आणि आपल्या आंबिवलीतील 'वली' याच शब्दाशी जोडतात.

तेव्हा केवळ आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. पाली गावाच्या नावावरून भाषेचे जन्मस्थान सांगणे, किंवा 'पळ्ळि' ऐकून पाली भाषा दक्षिणेची म्हणणे, दोन्ही चूक. असे दावे भर सभेत खोटे ठरले, तर आपल्या खऱ्या पुराव्यांवरही लोक शंका घेतात.

आणि खरा पुरावा आपल्या दाराशी आहे. कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दगड स्वतः बोलतो. त्याला नावांच्या जुळवाजुळवीची गरज नाही.

केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. शब्दांनाही तोच नियम लावावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पालीचा शब्दकोश व व्याकरण तयार केले. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाले आहे. तो खंड उघडावा, रोज पाच शब्द लिहून काढावेत, आणि सुटीत एकदा कोंडाण्याचा लेख डोळ्यांनी पाहून यावा, एवढीच आमची विनंती.