समवायी प्रकल्प : आखणी आणि मूल्यमापन
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती सुरू झाली आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाला स्थान मिळाले. तेव्हापासून शाळाशाळांतून प्रकल्पांच्या वह्या व तक्ते तयार होत आले आहेत. परंतु तक्ता भिंतीवर लागला म्हणजे प्रकल्प पुरा झाला, असे मानणे युक्त नव्हे. दुकानातून आणलेली चित्रे, पालकांनी रात्री जागून केलेली प्रतिकृती आणि फळ्यावरून उतरवून घेतलेला मजकूर यांत मुलाचे स्वतःचे असे काय राहते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

१. पूर्वपीठिका

अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली आणि ‘समवाय’ हा शब्द शिक्षकांच्या परिचयाचा झाला. एखादा उद्योग किंवा परिसरातील प्रत्यक्ष काम मध्यवर्ती धरून त्याच्या अनुषंगाने निरनिराळे विषय शिकविणे, हा त्याचा अर्थ. सातारा जिल्ह्याला ही दृष्टी परकी नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम आणि विद्या यांची सांगड ‘कमवा व शिका’ या योजनेतून घातली.

मात्र समवायावर एक आक्षेप पूर्वीपासून घेतला गेला आहे. चरख्याशी किंवा कापसाशी प्रत्येक विषय ओढूनताणून जोडण्याचा प्रयत्न झाला, की शिक्षण कृत्रिम होते. आजच्या प्रकल्पांतही हा दोष आढळतो. तो टाळण्याची एक सोपी कसोटी आहे : एखादा विषय बाजूला काढला तर प्रकल्पाचे काम अडते काय? अडत असेल तर तो समवाय खरा. अडत नसेल तर तो विषय वेगळ्या तासाला शिकवावा. त्यात कमीपणा नाही.

२. नमुना प्रकल्प : ‘आपला पाऊस’

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरचे पाणी कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांतून खाली येते. २००५, २०१९ आणि २०२१ साली त्याने कृष्णाकाठ बुडविला. म्हणून पाऊस मोजणे हे येथील मुलांच्या दृष्टीने प्रयोजन असलेले काम आहे.

साधन : सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. निमुळता होणारा वरचा भाग कापून तो उलटा करून नाळक्यासारखा तोंडावर बसवावा. बाटलीचा तळ खोलगट असतो. म्हणून त्यात खडे व थोडे पाणी घालून बाजू जेथे सरळ होतात तेथे शून्याची रेघ आखावी आणि तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली झाडापासून व छपरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी. रोज ठरलेल्या वेळी नोंद करावी आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणावे.

गणित : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद जागा झाकत असेल, तर २० मिलिमीटर पावसात त्यावर १,२०० लिटर पाणी पडते. छपराचा उतार न मोजता त्याखालची जमीन मोजावी, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे.

परिसर अभ्यास : पेरणी केव्हा झाली, विहिरीचे पाणी किती चढले, ओढा केव्हा वाहू लागला, यांची नोंद पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवावी.

भाषा : पाटण किंवा जावळीतील एका शाळेने जत किंवा माणमधील एका शाळेला दर पंधरवड्यास पत्र लिहून आपले आकडे कळवावेत. वाचणारा खरोखर वाट पाहत असेल, तर पत्रलेखन आपोआप नेमके होते. पत्राविना दुसऱ्या गावचा पाऊस कळणार नाही. म्हणून येथे भाषा अपरिहार्य आहे. चित्रकलेला मात्र या प्रकल्पात ओढून आणण्याचे कारण नाही.

३. शून्याची नोंद

या प्रकल्पात एक मोठा मोह संभवतो. पाटणच्या शाळेची वही आकड्यांनी भरून जाते, तर जतच्या शाळेच्या वहीत ओळीने शून्येच येतात. तपासणी किंवा प्रदर्शन जवळ आले, की ती वही रिकामी वाटू लागते आणि मधेच चार-दोन आकडे घालावेत असा विचार मनात येतो. शिक्षकाने तो कटाक्षाने दूर ठेवावा. कोरड्या दिवशीही बाटलीपाशी जाऊन पाहिले आणि शून्य लिहिले, तर तेही पूर्ण निरीक्षण होय. त्याचे मोल २० मिलिमीटरच्या नोंदीइतकेच आहे.

‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांतील भेदही मुलांना शिकवावा. पहिल्यासाठी शून्य व दुसऱ्यासाठी आडवी रेघ लिहावी. रविवारी नोंद राहिली तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा आहे, असे शेजारी स्पष्ट लिहावे. खाडाखोड नसलेल्या परंतु कल्पित वहीपेक्षा रेघा असलेली खरी वही श्रेष्ठ. दहा वर्षांच्या मुलाला आकडा बनविण्याची सवय शाळेनेच लावली, तर पुढे कोणत्याही परीक्षेने ती मोडणार नाही.

४. मूल्यमापन

गटाने मिळून काम केले तरी शिकणे प्रत्येक मुलाचे स्वतंत्र असते. म्हणून गटाच्या वहीवरून सर्वांना सरसकट सारखी श्रेणी देऊ नये. पुढील चार बाबी प्रत्येक मुलाबाबत पाहाव्यात.

(अ) निरीक्षण : साधन स्वतः हाताळून वाचता येते काय?
(आ) नोंद : तारीख, वेळ व एकक लिहिले आहे काय? चुकलेला दिवस प्रामाणिकपणे दाखविला आहे काय?
(इ) विचार : आकड्यावरून पुढचे सांगता येते काय?
(ई) सहकार्य : आपल्या पाळीचे काम न सांगता केले काय?

प्रत्येक बाबीसाठी ‘स्वतः करतो’, ‘मदतीने करतो’, ‘अजून शिकत आहे’ अशा तीन पायऱ्या पुरेशा आहेत. ‘विचार’ तपासण्यासाठी प्रत्येक मुलाला दोन मिनिटे तोंडी प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, ‘बाटली वर रुंद आणि खाली अरुंद असती, तर आकडा खरा आला असता काय?’ ज्याने केवळ तक्ता रंगविला तो येथे अडखळेल. ज्याने बाटली बनविली तो उत्तर शोधील.

निरीक्षणे महिनाअखेरीस आठवून न लिहिता, रोज दोन-तीन मुलांविषयी एकेक ओळ टिपणवहीत लिहावी. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेतही एवढे साधते. प्रकल्प संपल्यावर शिक्षकाने आपल्या आखणीचेही परीक्षण करावे : कोणते काम मुलांऐवजी आपण केले, व ते पुढील वर्षी त्यांच्याकडे कसे सोपविता येईल?

५. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील गेल्या वर्षीच्या एका प्रकल्पाला वरील समवायाची कसोटी लावा. कोणता विषय केवळ नावापुरता होता?
२. पत्रव्यवहारासाठी आपल्या केंद्राने कोणत्या भागातील शाळा निवडावी, आणि का?
३. ज्या मुलाच्या वहीत शून्येच आहेत, त्याच्या प्रगतिपत्रकात कोणती वर्णनात्मक नोंद लिहाल?

साधने जून महिन्यात शाळा उघडताच तयार ठेवावीत. पहिल्या पावसाची नोंद हुकली तर तिची भरपाई पुढे होत नाही.