तळ्याकांठीं तंबू कोठें ठोकावा?



फाल्गुन सरूं लागला म्हणजे आपल्या भागांतील तळ्यांचें पाणी दिवसेंदिवस मागें हटतें आणि कांठाशीं चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. लोहा तालुक्यांतील लिंबोटी येथील मन्याड नदीवरचा जलाशय घ्या, कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर घ्या, कीं नांदेडजवळील विष्णुपुरीचें धरण घ्या. सर्वत्र हेंच दृश्य दिसतें. वरवर पाहणाऱ्यास हा पट्टा ओसाड वाटतो. परंतु वसंतांत पक्षिनिरीक्षणाची सहल काढणाऱ्यास पाहण्यासारखें बहुतेक सारें येथेंच असतें. आणि त्याच्या पायांखालीं नासण्यासारखेंही येथेंच असतें.

प्रथम या चिखलाचा उपयोग पाहूं. त्यांत किड्यांच्या अळ्या, गांडुळें, गोगलगाई आणि पाणवनस्पतींचें बीं यांची रेलचेल असते. आखूड चोंचीचा चिखल्या वरच्या थरांतील किडे टिपतो. पाणटिवळा आपली लांब चोंच खोलवर खुपसतो. लाल, लांबसडक पायांचा शेकाट्या उथळ पाण्यांत चालत चरतो. चमचा हा पक्षी पाण्यांत चोंच डावीउजवीकडे फिरवितो, तर थापट्या बदक आपल्या रुंद चोंचीनें पाणी गाळून घेतें. एकाच पंगतीस बसून प्रत्येकाचें ताट मात्र निराळें, अशी ही व्यवस्था आहे.

यांपैकीं कित्येक पक्षी हिंवाळ्यापुरते आलेले असतात. पट्टकादंब हा हंसवर्गीय पक्षी पाहा. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असतात. त्याची वीण तिबेट, मंगोलिया अशा दूरच्या प्रदेशांत होते. जातांयेतां त्यास हिमालय ओलांडावा लागतो. ७,००० मीटरांहूनही अधिक उंचीवर उडतांना त्याची नोंद झालेली आहे. अशा प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगांत साठविलेली चरबी. ती सांठविण्याच्या दिवसांत आपण त्यास वारंवार उठवून लाविलें, तर त्याचें चरणें खुंटतें आणि असलेलें बळही व्यर्थ खर्च होतें.

डॉ. सालिम अली यांनीं १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हां नांदेड जिल्हा त्या संस्थानांत होता. आजचे मोठे जलाशय पुढें शेतीच्या व पिण्याच्या पाण्यासाठीं बांधले गेले. पण पक्ष्यांनींही ते आपलेसे केले. पैठणच्या नाथसागरास तर १९८६ सालीं पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यांत आलें.

पाहुणे निघावयाच्या बेतांत असतात, त्याच सुमारास येथील रहिवाशांची वीण सुरू होते. टिटवी, नदीसुरय आणि छोटा आर्ली हे झाडावर घरटें बांधीत नाहींत. उघड्या जमिनीवर, वाळूंत किंवा खड्यांत अंडीं घालतात. अंड्यांचा रंग मातीशीं इतका मिळताजुळता असतो कीं तीं पायाशीं असूनही दिसत नाहींत. चैत्राच्या दुपारीं हे पक्षी अंड्यांवर बसतात तें ऊब देण्यापेक्षां सांवली धरण्यासाठीं. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून ते अंडीं थंड राखतात. आपण जवळ तळ ठोकिला तर पक्षी भिऊन दूर राहतो आणि उन्हांत अंड्यांतील जीव मरून जातो. आपणांस त्याची वार्ताही नसते.

म्हणून मुक्काम करावयाचा तो पाण्यापासून निदान दोनतीनशें पावलांवर, उंचवट्यावर, झाडाखालीं करावा. गाळपेराच्या शेतांत मालकाच्या परवानगीवांचून शिरूं नये. कुत्रा बरोबर नेऊं नये. निरीक्षण सूर्योदयापासून नऊ वाजेपर्यंत, ऊन पाठीवर घेऊन, दुर्बिणीनें करावें. वहींत तारीख, वेळ, पक्ष्याचें नांव, संख्या व तो काय करीत होता हें लिहावें. पालकांनीं सोबत जाऊन एवढी शिस्त राखिली तर उत्तमच.

आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली, तर तिचें घरटें शोधूं नये. तेथेंच थांबावें, पायांखालीं पाहावें आणि आल्या पावलांच्या खुणांवरूनच मागें फिरावें.