क्लाउडवरील वह्या आणि जाळ्यावरील अनोळखी वाहतूक



११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये परस्पर गेले, हे आपल्या स्मरणात असेल. तिजोरीस कोणी हात लावला नव्हता. एटीएम यंत्रांतून येणारी विचारणा बँकेच्या मूळ संगणकाकडे जाऊ न देता चोरांनी मध्येच तोतया यंत्रणा बसविली, आणि ती प्रत्येक मागणीस रुकार देत राहिली. हुंडी सकारावयास खऱ्या मुनीमाच्या गादीवर भलताच इसम बसावा, तसा हा प्रकार.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व व्यवसाय लिंबायत येथे घाऊक धान्याचा. तेव्हा या शास्त्रावर लिहिण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु गतवर्षी पेढीवरील एका मुलाने फुकट चित्रपटांच्या लोभाने टॉरेंटद्वारे काहीबाही उतरवून घेतले. त्यासोबत आलेल्या किडीने उधारीच्या वह्या कुलूपबंद केल्या. क्लाउडवरील प्रत त्याच संगणकास जोडलेली, म्हणून तीही गेली. अकरा दिवस आम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडी हिशेबावर काढले. सर्वांनी खरेच सांगितले असे म्हणवत नाही.

मग हा विषय अभ्यासणे भाग पडले. सामान्य रीतीत अनेक संगणक एका मोठ्या केंद्राकडे माल मागतात. पीअर-टू-पीअर रीतीत मुख्य वखार नसते. घेणारा प्रत्येक जण देणाराही असतो. ही रीत मुळात लबाडीची नव्हे. मात्र २०१४ साली अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडून काढलेल्या ‘गेमओव्हर झ्यूस’ टोळीने हीच वापरली होती, कारण एक वखार बंद केली तरी धंदा चालू राहतो.

अशी वाहतूक ओळखावी कशी? प्रथम दरवाज्याचा क्रमांक पाहत. टॉरेंटचे नेहमीचे दरवाजे ६८८१ ते ६८८९. पण क्रमांक बदलणे चोरास कितीसे कठीण? पुढे पोत्यात नळी खुपसून नमुना काढावा तसे आतील मजकूर तपासू लागले. बिटटॉरेंटच्या पहिल्या निरोपात १९ हा आकडा व त्यामागून ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही १९ स्थानांची इंग्रजी अक्षरे येतात, त्यावरून माल ओळखे. मजकूर सांकेतिक लिपीत जाऊ लागल्यावर तेही खुंटले.

२००४ साली थॉमस कारायानिस व सहकाऱ्यांनी पोते न उघडता ओळखण्याची रीत मांडली. आम्हांस ती फार पटली, कारण बाजारात आपणही माणूस चालीवरूनच ओळखतो. संकेतस्थळ पाहणारा एकाच पेढीकडे अनेक फेऱ्या घालतो. हा मात्र असंख्य अनोळखी पत्त्यांकडे प्रायः एकेकच फेरी करतो. अर्थात काही खेळ व टपालाची यंत्रेही अशीच वागतात, म्हणून निर्दोषावरही संशय येतो.

क्लाउडचे मोठे चालक ग्राहकास वाहतुकीची नोंदवही ठेवण्याची सोय देतात: कोठून कोठे, केव्हा, किती. ती वाचणे मात्र आपल्याकडे. वखार त्यांची असली तरी किल्ली आपलीच. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस जपाव्यात व घटना सहा तासांत कळवावी असे आहे. आम्ही चौथ्या दिवशी कळविले.

हल्ली दर शनिवारी वह्यांची एक प्रत काढून संगणकापासून अलग, कपाटात ठेवतो. त्या अकरा दिवसांतील दोन खात्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही.