‘चालू हाय की, मग कशाला हात लावायलाव?’

नांदेड ते लातूर, मधे लोहा, अहमदपूर आणि चाकूर. माझं कामाचं आयुष्य याच रस्त्यावर गेलं. दोन्ही शहरांतली काही महाविद्यालयं, दोन-चार पतसंस्था आणि मोंढ्यातल्या काही आडत दुकानांचे सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक लिनक्सवर चालतात, काही ठिकाणी दारावरचा राखणदार म्हणून जुन्या पीसीवर ओपनबीएसडी बसवलंय. लिनक्स म्हणजे पुण्या-मुंबईची भानगड, असं इथं पूर्वी वाटायचं. पण देशभरातल्या जिल्हा न्यायालयांप्रमाणे आमच्याकडच्या न्यायालयांतही उबुंटू आलं, खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या एनआयसीनं मुक्त सॉफ्टवेअरवरच उभी केली, आणि ओळखीचे वकील उबुंटूला सरळ ‘कोर्टातलं विंडोज’ म्हणू लागले. फुकट आहे, एकदा बसवलं की विषय संपला, हा समज मात्र गेला नाही. पॅच मारायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तोच वर मथळ्यात दिलाय. त्याची उत्तरं देता देता जे हाती लागलं ते असं.

१. भरवशाच्या दुरुस्तीला दुय्यम समजू नका

ओपनबीएसडीवाले आपल्या दुरुस्त्यांची यादी फार सरळ ठेवतात. क्रमांक, तारीख, आणि पुढे बहुतेक वेळा दोनच शिक्के: ही सुरक्षेची, ही भरवशाची. पहिलीत कोणीतरी आत घुसू शकतं, दुसरीत मशीन आपोआप कोलमडू शकतं. हे पाहून सगळ्यांचा कल एकच होतो. सुरक्षेची आज मारू, भरवशाची सवडीनं बघू. मी लोकांना बरीच वर्षं असंच करताना पाहिलं आणि मला ते चुकीचं वाटतं.

कारण आजची ‘मशीन कधीतरी अडखळते’ ही तक्रार उद्याचं भगदाड ठरते. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये गाजला. साध्या वापरकर्त्याला त्यातून मशीनचा मालक होता येत होतं. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो वापरता येण्याजोग्या रूपात २००७ पासून होता. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्सनं स्वतः त्याच्या मुळाशी असलेल्या दुखण्यावर त्याआधीच, २००५ मध्ये, एक दुरुस्ती केली होती. ती दुसऱ्या एका प्रकारच्या मशीनवर त्रास देते म्हणून मागं घ्यावी लागली. दुखणं म्हणजे कर्नलमधल्या दोन कामांची ‘आधी कोण’ अशी शर्यत, आणि तेव्हा ती केवळ कागदावरची वाटत होती. पुढे कर्नल बदलला आणि कागदावरची शर्यत कोणालाही जिंकता येऊ लागली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मंडळींनी दोषांना सीव्हीई, म्हणजे जाहीर दोषयादीतले, क्रमांक देण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि क्रमांकांचा पूर आला. अनेक जण वैतागले. कर्नलवाल्यांची भूमिका मात्र मला पटते. कर्नलच्या पातळीवर जवळपास कुठलीही चूक कोणीतरी हल्ल्यासाठी वापरू शकतं, आणि कोणती, ते दुरुस्ती करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. मग शिक्का बघून घाई ठरवायची तरी कशी?

२. ‘सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही’ हे ऐकून खूश होऊ नका

भारनियमनाच्या काळात आमच्याकडच्या मशिनींना सलग चालण्याची सवयच नव्हती. यूपीएसची बॅटरी दमली की सगळं निजायचं. त्याच सुमारास २.६.३२ च्या आसपासच्या काही कर्नलांत एक मजेदार दोष निघाला. मशीन सलग २०८ दिवस चाललं की घड्याळाचा आतला हिशेब उतू जायचा आणि कर्नल गारद. नेमका आकडा दोनशे साडेआठ दिवसांचा, म्हणजे दोनचा चौपन्नावा घात इतके नॅनोसेकंद. मोठ्या शहरांतल्या, दोन-दोन वीजजोडण्या असलेल्या केंद्रांत हा दोष भेटला. आमची एकही मशीन त्या आकड्याच्या आसपासही फिरकली नाही. मराठवाड्याच्या विजेनं कोणाचं भलं केल्याची ही बहुधा एकमेव नोंद असावी.

वेळेचाच आणखी एक तडाखा मात्र आम्हालाही बसला. ३० जून २०१२ ला जागतिक वेळेच्या मध्यरात्री घड्याळात एक सेकंद वाढवला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलै, रविवार, पहाटेचे साडेपाच. त्या एका सेकंदानं लिनक्सची अंतर्गत टायमर-यंत्रणा गोंधळली आणि जावा, मायएसक्यूएल यांसारखे प्रोग्रॅम प्रोसेसर शंभर टक्के खाऊ लागले. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या विमानांची चेक-इन यंत्रणा त्यात अडकली. आमच्याकडे सोमवारी प्रवेशासाठी आलेली पोरं रांगेत, सर्व्हरचे पंखे किंचाळतायत आणि पान काही उघडत नाही. उपाय हास्यास्पद होता. घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा सांगायची, किंवा मशीन रीस्टार्ट मारायची. हा दोष कोणत्याही चोराच्या उपयोगाचा नव्हता. लॉग चाळणाऱ्याला मात्र त्या दिवशी चोर परवडला असता.

३. पॅच उतरवला म्हणजे लागला असं नाही

७ एप्रिल २०१४ ला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या त्या चुकीमुळे बाहेरचा माणूस सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा मागू शकत होता, हवा तितक्या वेळा, आणि लॉगमध्ये खूणही राहत नव्हती. पॅच त्याच दिवशी आला. अनेकांनी तो उतरवला आणि झोपले. पण वेबसर्व्हर सुरू होताना जी लायब्ररी स्मृतीत ओढतो, तीच तो धरून बसतो. डिस्कवरची फाइल बदलली तरी चालू प्रोग्रॅम जुन्याच प्रतीवर चालत राहतो. सेवा रीस्टार्ट केल्याशिवाय पॅच मारला न मारला सारखंच. शिवाय गुप्त किल्ल्या आधीच गेल्या असू शकतात, म्हणून त्या बदलायच्या, प्रमाणपत्रं नवी घ्यायची आणि पासवर्ड बदलायला लावायचे.

आता मी प्रत्येक पॅचनंतर दोनच गोष्टी विचारतो. कोणते प्रोग्रॅम अजून जुनी लायब्ररी धरून आहेत? आणि चालू असलेला कर्नल व बसवलेला कर्नल एकच आहे का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असं येतं. नवा कर्नल महिनोन्‌महिने डिस्कवर तयार बसलेला असतो, रीबूटला कोणी हो म्हणत नाही म्हणून.

४. रीबूटचा मुहूर्त गावाच्या पंचांगातून काढा

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘देखभालीची वेळ रात्री दोन ते चार’. आमच्याकडे रात्री दोनला मशीन उठली नाही, तर खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई गावाकडे असतो. त्यापेक्षा गाव स्वतःहून रिकामं होतं तो दिवस धरावा. लातुरात असा दिवस म्हणजे येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, सगळी माणसं शेतात, आंबील, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांपुढे. बाजारपेठेत चिटपाखरू नसतं. उबुंटूची एक आवृत्ती सोडून पुढच्या आवृत्तीवर जाण्यासारखी जड कामं मी त्या दिवशी दुपारपर्यंत उरकतो आणि मग एखाद्या ओळखीच्याच्या शेतात जेवायला जातो. नांदेडला दसऱ्याच्या नि होळीच्या सुमारास कशालाही हात लावत नाही. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या गर्दीनं शहर भरलेलं असतं आणि लॉजपासून ट्रॅव्हल्सपर्यंत सगळ्यांचं काम तेव्हाच जोरात. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, पण सकाळी ध्वजारोहणाला सगळे हजर असतात आणि कोणी ना कोणी ‘आलोच आहे तर एक प्रिंट काढतो’ म्हणतंच.

सुरक्षेची तातडी असेल तर अर्थात मुहूर्त बघत नाही. दहा मिनिटं बंद राहील, असं आधी फोन करून सांगतो. न सांगता दोन मिनिटं बंद ठेवलं तर लोक ते वर्षभर लक्षात ठेवतात.

५. बूटच्या कप्प्यात जागा आहे का बघा

उबुंटूवर कर्नलचा छोटा वेगळा कप्पा ठेवलेला असेल तर जुने कर्नल साठून तो भरतो. मग नवा पॅच अर्धवट बसतो, पुढचे सगळे अडतात आणि स्क्रीनवर कोणाला काही दिसत नाही. ‘आपोआप अपडेट’ चालू आहे म्हणून निर्धास्त असलेल्या ठिकाणी मला हेच सर्वांत जास्त आढळलंय. बाकी सांगण्यासारखं काही नाही, फक्त बघत राहा.

६. पॅच निघाला की दवंडी पिटली गेली

अमुक वाड्याच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, विटा घेऊन या, असं चावडीवर ओरडून सांगावं, तसा मुक्त प्रणालीचा पॅच असतो. विटा आणणाऱ्यांइतकंच ते चोरांनाही ऐकू जातं. कोणती ओळ बदलली ते उघड दिसतं, त्यावरून हल्ला कसा करायचा ते काढता येतं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमनं विंडोजची दाणादाण उडवली, तेव्हा त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. आम्ही लिनक्सवाले मनातल्या मनात हसत होतो. त्याच महिन्याच्या २४ तारखेला साम्बामध्ये तशाच तऱ्हेचं छिद्र जाहीर झालं आणि हसू मावळलं. फायली वाटून घ्यायला साम्बा तर प्रत्येक ऑफिसात.

यावर पतसंस्थेतलं नेहमीचं उत्तर असतं, ‘आमच्याकडं काय हाय चोरायला?’ दार ठोठावणाऱ्या प्रोग्रॅमला नांदेड माहीत नसतं, पतसंस्थाही माहीत नसते. तो पत्त्यांच्या यादीवरून एकेक दार ढकलत जातो. नवीन सर्व्हर इंटरनेटला जोडून दुरून लॉगिन करण्याच्या सेवेचा, म्हणजे एसएसएचचा, लॉग उघडून दाखवला की पुढचं बोलणं सोपं जातं. नागरी सहकारी बँकांना तर रिझर्व्ह बँकेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सायबर सुरक्षेची चौकटच घालून दिली, त्यामुळे तिथं निदान कागदाचा आधार मिळतो.

७. तरीही पॅच मारण्याआधी वाचा

उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये एका तपासणी साधनाच्या इशाऱ्यावरून ओपनएसएसएलमधल्या काही ओळी काढून टाकल्या गेल्या. हेतू स्वच्छतेचा होता. पण त्याच ओळींतून यादृच्छिकता येत होती. मे २००८ मध्ये लक्षात आलं, तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम बत्तीस हजारांपैकी एक असायच्या. सगळ्या बनवून ठेवता येतील इतक्याच. सप्टेंबर २०१४ मधल्या ‘शेलशॉक’ या दोषाचा पहिला पॅच अपुरा निघाला, पाठोपाठ दुसरा मारावा लागला. आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्याशा संकोचन-साधनात चक्क चोरदार सापडलं. दोन वर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या एका टोपणनावानं ते बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खुपलं, म्हणून ते उघडकीला आलं.

म्हणून माझी वाटणी अशी आहे. इंटरनेटला तोंड असलेल्या मशीनवर पॅच त्याच दिवशी. आतल्या मशिनींवर आधी प्रयोगशाळेतल्या एखाद्या पीसीवर, मग दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांवर. अपडेटबरोबर येणारा बदलांचा मजकूर मात्र दोन्ही वेळा वाचतो. इंग्रजी रूक्ष असतं, पण लिहिणाऱ्यानं नेमकं काय बिघडलं होतं ते प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं.

८. मेलेली आवृत्ती गप्प असते

उबुंटूच्या मुदत संपलेल्या आवृत्तीवर अपडेट मारलं की ती शांतपणे सांगते, नवीन काही नाही. मालकाला ते ‘सगळं ठीक’ असं ऐकू येतं. सेंटओएस या दुसऱ्या लिनक्स-प्रकाराच्या आवृत्ती ८ ला २०२९ पर्यंत आयुष्य मिळेल असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये ते एका वर्षावर आणलं. त्यानं पोळलेल्या कित्येक जणांनी जुनं सेंटओएस ७ च धरून ठेवलं. त्याचीही मुदत ३० जून २०२४ ला संपली.

आणि दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, क्वालिस कंपनीनं ओपनएसएसएचमधलं नवं छिद्र जाहीर केलं. खरं तर ते नवं नव्हतंच. २००६ मध्ये बुजवलेलं भोक ऑक्टोबर २०२० मधल्या लॉग लिहिण्याच्या भागातल्या फेरफारात पुन्हा उघडं पडलं होतं. ओपनबीएसडीला त्याची बाधा नव्हती, कारण त्यांनी २००१ मध्येच तिथला लॉग लिहिण्याचा रस्ता सुरक्षित करून ठेवला होता. आणि सेंटओएस ७ लाही नव्हती, कारण त्यातलं एसएसएच इतकं जुनं होतं की तो बिघडवणारा फेरफार त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी ज्या संस्थेच्या मागे ‘सेंटओएस ७ सोडा’ म्हणून वर्षभर लागलो होतो, तिथल्या चेअरमनसाहेबांनी ही बातमी कुठूनतरी ऐकली.

“बघा सर, आमचं जुनंच बरं निघालं की.”

“या एका भोकापुरतं बरं निघालं, साहेब. कर्नलमध्ये उद्या काही निघालं तर त्याला पॅचच येणार नाही.”

“मग किती वेळ बंद ठिवावं लागंल?”

“एक दिवस.”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सोयाबीनची आवक संपू द्या म्हणाले, मग येळवशीला करा.