दिवे लागतात, हॉर्न वाजतो. मग गाडी सुरू का होत नाही?

प्रश्न : आमची कार रात्रीपर्यंत ठणठणीत होती. सकाळी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. दिवे लागत होते, हॉर्नही वाजत होता. बॅटरी उतरली असती तर तेही बंद पडायला हवे होते ना?
– एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : तसं नाही. पहिला संशय बॅटरीवरच घ्या. दोन्ही हेडलाइटना मिळून साधारण १० अँपिअर वीज पुरते. सेल्फच्या मोटरला मात्र शंभराहून जास्त अँपिअर लागतात, तेही एका दमात. थकलेली बॅटरी दिवे पेटवते, पण इंजीन फिरवू शकत नाही.

टिकटिक येते ती सेल्फवरच्या सोलेनॉइड या चुंबकी स्विचमधून. चावी फिरवली की तो ओढला जातो आणि मोटरला वीज मिळते. बॅटरी कमजोर असली की त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि स्विच सुटतो. भार हटताच व्होल्टेज सावरतं, स्विच पुन्हा ओढला जातो. हे भराभर घडत राहतं.

खात्री करायची तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झालेत, त्यांवर पांढरट-हिरवट थर चढलाय. ते घासून घट्ट केल्यावरही कधी कधी काम होतं. दिवे प्रखर राहिले आणि एकदाच 'टक्' झालं, तर सेल्फ मिस्त्रीला दाखवा. इंजीन फिरतंय पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरी बदलून उपयोग नाही. पेट्रोल किंवा स्पार्क पोचत नसेल. धानाची कोठी जवळ असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही बघा.

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटी झिजतात. थंडीत तिची ताकद आणखी घटते, इंजीन ऑइलही घट्ट होतं. म्हणून उन्हाळ्यात खराब झालेली बॅटरी अनेकदा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दगा देते.

गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू होते. ऑटोमॅटिकला हा उपाय चालत नाही. मात्र ब्रह्मपुरी वनविभागातल्या रस्त्यावर रात्री गाडी अडली, तर धक्का मारायला खाली उतरू नका. हा वाघांचा मुलूख आहे. काचा वर घ्या, फोन करा, दुसरं वाहन येईपर्यंत आतच थांबा.

गाडी सुरू झाल्यावर मिस्त्रीकडून व्होल्टेज मोजून घ्या. बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते; इंजीन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. तो १२ वरच अडकला, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. तो दुरुस्त होईपर्यंत नवी बॅटरी घेऊ नका. तीही अशीच उतरेल.