गैरहजेरीची तालीम

प्रमुख माणूस जागेवर नसताना कारभार कसा चालतो, यावरून त्याने केलेली तयारी कळते. मोहिमेची तयारी चार लोकांना दिसते, तिचे कौतुकही होते. वारसाची आणि सहकाऱ्यांची तयारी डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे ती पुढच्या वर्षावर जाते. मराठी राज्याच्या आरंभीच्या काळात या दोन्ही तयाऱ्यांचे नमुने सापडतात. त्यातून तावून निघालेल्या एका कारभाऱ्याने आपले अनुभव लिहूनही ठेवले आहेत.

पालघर जिल्ह्यात जव्हारलगत असलेला शिरपामाळ हा पहिल्या प्रकारच्या तयारीचा साक्षीदार. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारचे महादेव कोळी राजे विक्रमशहा मुकणे यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. माळाचे नावही त्यावरूनच पडल्याचे सांगतात. जव्हार-मोखाड्याचा मुलूख डोंगर-दऱ्यांचा आणि दाट रानाचा. येथून घोडदळ नजरेआड राहून उत्तरेकडे सरकू शकते, पण वाटेवरचा राजा अनुकूल असेल तरच. पाण्याच्या जागा, वाटाडे, दाणावैरण, सगळे त्याच्या मर्जीवर. बहिर्जी नाईकाने सुरतेची खबर आधीच काढून आणली होती, असे परंपरा सांगते. हे लष्कर बादशाही कामावर निघाले आहे, अशी बतावणीही वाटेत केली गेली. जानेवारी 1664 च्या पहिल्या आठवड्यात फौज सुरतेच्या वेशीवर उभी राहीपर्यंत शहर गाफील होते.

समोरच्या पक्षाची तयारी फक्त कागदावर होती. सुरतेचा सुभेदार इनायतखान पाचशे स्वारांचा पगार सरकारातून उचलत असे आणि माणसे मात्र ठेवत नसे. शहराला तट नव्हता. संकट येताच खान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी स्वतःच्या बळावर राखल्या. हजेरीपटावरची माणसे प्रत्यक्षात मोजून घेणे हे तयारीतले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. ते टाळण्याकडे प्रत्येक कचेरीचा कल असतो, आजही.

जव्हारच्या मैत्रीचा पुढचा भाग शिरपामाळाच्या कथेत सहसा येत नाही. 1672 च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी याच विक्रमशहांकडून जव्हार जिंकून घेतले. एका मोहिमेपुरता जमलेला सलोखा आठ वर्षांनी तसाच असेल, असे दोन्ही बाजूंना धरून चालता येत नव्हते. बाहेरच्या पाठिराख्यांशी झालेला ठराव परिस्थिती पालटली की नव्याने करावा लागतो. माणूस बदलला तर अधिकच.

गैरहजेरीची खरी परीक्षा 1666 साली झाली. महाराज आग्र्याला गेले, नजरकैदेत अडकले आणि कित्येक महिने स्वराज्यात नव्हते. त्या काळात गडकोट फितले नाहीत, वसुली बंद पडली नाही. जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत, अण्णाजी दत्तो वगैरे मंडळींनी कारभार रेटला. याचे श्रेय माणसांच्या निष्ठेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र निष्ठेच्या खाली एक रचनाही होती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य-दारूगोळ्याचा साठा. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली करणे अवघड होते. पगार शक्यतो रोख दिला जाई. सरदाराचे पोट सरकारी खजिन्यावर चालत असल्याने त्याची बांधिलकी आपल्या गावाच्या वतनापेक्षा राज्याशी राही.

एवढी चोख घडी बसवणाऱ्या राज्यात वारसाचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. 1674 च्या राज्याभिषेकात संभाजी महाराज युवराज ठरले होते. म्हणजे नाव जाहीर होते. नव्हती ती युवराज आणि प्रधानमंडळ यांच्यातली सवय. अण्णाजी दत्तो आणि संभाजी महाराज यांचे पटत नव्हते. डिसेंबर 1678 मध्ये युवराज मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. राज्याची दोन पुत्रांत वाटणी करण्याचा विचार महाराजांनी पन्हाळ्यावर बोलून दाखवल्याचे सभासद बखर सांगते, पण तसे काही ठरले नाही. 3 एप्रिल 1680 रोजी महाराज रायगडावर वारले तेव्हा युवराज पन्हाळ्यावर होते. राणी सोयराबाई आणि काही प्रधानांनी त्याच महिन्यात धाकट्या, दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले.

घाईने झालेला हा निर्णय उलटला तो सरनोबत हंबीरराव मोहित्यांमुळे. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. घरचा हिशेब केला असता तर त्यांना भाच्याची बाजू घेणे सोयीचे होते. त्यांनी लष्कर संभाजी महाराजांच्या पाठीशी उभे केले. फौज गेल्यावर प्रधानांच्या कटाला आधारच उरला नाही. जाहीर झालेला वारस डावलायचा नाही, एवढी शिस्त एका माणसाच्या अंगी मुरली होती म्हणून राज्य फुटण्यापासून वाचले. किंमत मात्र पडलीच. पुढच्या वर्षी दुसरा कट उघडकीला आला आणि अण्णाजी दत्तोंसारखा महसुलाची घडी बसवणारा अधिकारी देहान्ताला गेला. वारस नेमणे हे काम अर्धेच असते. त्याला जुन्या सहकाऱ्यांसोबत काही वर्षे प्रत्यक्ष कारभारात वागवणे, भांडणे प्रमुखाच्या हयातीतच होऊ देणे आणि ती मिटवणे हे उरलेले अर्धे. बऱ्याच संस्थांत हे दुसरे अर्धे अप्रिय म्हणून राहून जाते.

फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. त्या वेळी त्यांच्या पत्नी येसूबाईंनी आपल्या लहान शाहूसाठी अडून न बसता राजारामांना पुढे केले आणि त्यांना रायगडाबाहेर काढले. स्वतः मुलासह मागे राहिल्या आणि गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. राजाराम जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी हुकुमतपन्हा म्हणून सर्वाधिकार सांभाळले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात होते. राजा शेकडो कोस दूर, राजधानी शत्रूकडे, तरी लढा चालू. मात्र सरदारांना धरून ठेवण्यासाठी या काळात वतने आणि इनामे पुन्हा वाटावी लागली. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता, हेही खरे. पुढे याच सवलतींतून आपापल्या मुलखात मुरलेले सरदार तयार झाले.

हे सगळे अनुभवलेल्या रामचंद्रपंतांचे राजनीतीवरील आज्ञापत्र 1715 चे, कोल्हापूरच्या गादीच्या काळातले. वतनदारांपासून सावध राहण्याचा सल्ला त्यात ठळक आहे, आणि तो देणाऱ्या माणसाच्या हातून आणीबाणीत वतने वाटली गेली होती, म्हणून त्याला वजन येते. गडावरचे अधिकारी ठराविक काळाने बदलावेत, असेही ते सांगतात. एकाच जागी वर्षानुवर्षे बसलेला कामगार, कितीही भला असला तरी, त्या जागेचा मालक होत जातो.

हा धडा गडकोटांपुरता नाही. प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेल्या, डोंगराळ भागातील एका वसतिगृहाचे संस्थापक अचानक वारले. दिवस कार्याचे होते, आणि स्वयंपाकघरात तांदूळ किती उरला हे फक्त स्वयंपाकीणबाईंना ठाऊक होते. वाण्याला यादी दर सोमवारी संस्थापक फोनवरून सांगत, वही नव्हती. धनादेशावर दोन सह्या लागत, त्यातली एक त्यांची. वाण्याने महिनाभर उधारीवर माल दिला म्हणून मुले जेवली. उपाध्यक्षांचे नाव घटनेत छापलेले होते, पण बँकेत त्यांची सही गेलेली नव्हती.

अशा संस्थेसाठी तयारी म्हणजे काही मोजकी, रुक्ष कामे. बँकेत तिसरी सही आधीच नोंदवून ठेवायची आणि वर्षातून एकदा ती वापरून पाहायची. शिधा, उधारी, किल्ल्या आणि खटले यांची वही एकापेक्षा अधिक हातांनी लिहिलेली असावी. प्रमुखाने दरवर्षी सलग महिनाभर बाजूला व्हावे, फोनही दुसऱ्याकडे द्यावा. परतल्यावर कोणते काम अडले होते ते विचारावे आणि अडलेले प्रत्येक काम दुसऱ्या कोणाला शिकवावे. विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. दुःखाच्या काळात ही मुदत कोणाच्या लक्षात राहत नाही; तेव्हा कागदांचा संच आणि तो घेऊन जाणाऱ्या माणसाचे नाव आधीच ठरलेले असावे.